दहा राग आणि एक ठोका

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव मराठी वाचकांस दोन कवींमुळे परिचित आहे. एक आद्यकवी मुकुंदराज आणि दुसरे दासोपंत. दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले ‘पंचीकरण’ विषयावरील विवेचन लांबच लांब कापडावर लिहिले. ‘पासोडी’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पासोडीची वार्ता ऐकणारा मनुष्य बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो तिच्या लांबीविषयी. ओव्यांत काय सांगितले आहे, हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा येतच नाही. चमत्कारिक वस्तूच्या नशिबी हा भोग असतोच. तिचे माप घेणारे पुष्कळ मिळतात, तिचा अर्थ लावणारे थोडे. याच भोगाचे अलीकडच्या काळातील एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो. ते मुंबईतील आहे, आणि त्याची अक्षरे कापडावर नसून ध्वनिमुद्रिकेवर आहेत.

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील एक वादक. गिटार, बास गिटार आणि विजेवर चालणारी स्वरवाद्ये यांत त्यांचा हात चांगला बसलेला होता. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गाण्यात ट्रान्झिकॉर्ड नावाचे विजेचे वाद्य त्यांनीच वाजविले. अशा वादकाचे नाव श्रोत्यांस सहसा ठाऊक नसते. गाणे गायकाचे, चाल संगीतकाराची, आणि वादक पडद्याआडच्या पडद्याआड! अशा या माणसाने १९८२ साली मुंबईत एचएमव्हीसाठी एक ध्वनिमुद्रिका तयार केली. तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. दहा राग, आणि त्या सर्वांखाली डिस्को नृत्याचा एकच ठोका.

तो काळ डिस्कोचा होता. ‘कुर्बानी’ (१९८०) मधील नाझिया हसन यांचे गाणे घरोघर पोचले होते, आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर आला. तेव्हा डिस्कोचा ठोका घेण्यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते पुढच्या पायरीत. चरणजित सिंगांनी गायक वगळला, तबला वगळला, वाद्यवृंदही वगळला. आणि रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर सर्व भार टाकला. ‘ज्युपिटर ८’ हे कळफलकाचे वाद्य स्वरांसाठी, ‘टीआर ८०८’ तालासाठी, आणि ‘टीबी ३०३’ ही लहानशी पेटी खर्जातील स्वरावलीसाठी.

या तिसऱ्या यंत्राची कथा मनोरंजक आहे. एकट्याने गिटार वाजविणाऱ्यास बास गिटारची साथ मिळावी म्हणून ते १९८१ च्या सुमारास निघाले. परंतु त्याचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. सुमारे १० हजार नग बनवून कंपनीने थोड्याच वर्षांत ते बंद केले. त्यात स्वर एकेक करून अगोदर भरून ठेवावयाचे, म्हणजे यंत्र ती मालिका न थकता फिरवीत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचीही सोय त्यात आहे, आणि बाजूच्या खुंट्या फिरविल्या की नाद कधी बोथट, कधी टोकदार होतो. पाश्चात्त्य वादकाच्या दृष्टीने ही फसलेली नक्कल होती. रागाच्या दृष्टीने मात्र हीच तिची सोय ठरली. चित्रपटगीतात खालचे स्वरसमूह पदोपदी बदलतात. रागात तसे नसते. तेथे षड्ज एकदा लागला की तो अखेरपर्यंत ढळत नाही. षड्जाभोवती तेच ते वर्तुळ घालीत राहणारे यंत्र म्हणजे एका परीने तंबोऱ्याचाच चंचल भाऊ होय.

येथे रसिक वाचक विचारतील, ‘यंत्राला राग कसा साधणार?’ शंका रास्त आहे, आणि जुनीही आहे. पेटीविषयी हीच शंका घेतली गेली. तिचे स्वर ठोकळेबाज, तिला मींड नाही, श्रुतींचे भेद तिला दाखविता येत नाहीत, हे आक्षेप खोटे नव्हते. १९४० साली आकाशवाणीने पेटीस बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत कायम राहिली. परंतु महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून आमची संगीत रंगभूमी पेटीच्या व पायपेटीच्या सुरांवर डोलत होती. ‘मानापमान’ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे थोर वादक होते. परदेशी यंत्रास आपलेसे करण्याची रीत आम्हांस नवी नाही. यंत्र परके आहे की काय, हा प्रश्न थोड्याच दिवसांत विरून जातो. वाजविणारा रागाशी इमान राखतो की नाही, हा प्रश्न तेवढा उरतो.

या कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका कशी उतरते? वादकाने निवडलेले राग पाहावे : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. यांतील भूपाळी, कलावती, मालकंस व बैरागी हे चार पाच स्वरांचे राग आहेत. थोड्या स्वरांची मालिका यंत्राच्या फेऱ्यात सहज बसते, आणि आमच्या मते तेथे हा प्रयोग चांगला रंगतो. तोडीचा उतरलेला गंधार मात्र कळफलकाच्या ठरावीक पट्टीत गवसत नाही. तेथे तोडीचे रूप दिसते, पण तिची व्यथा हाती लागत नाही. क्रमही विलक्षण आहे. मैफलीचा शेवट जिने करावयाचा, ती भैरवी येथे आरंभीच. आणि शेवटी येतो तो सकाळचा बैरागी. समयाचा नियम पाळणाऱ्यास हे रुचणार नाही. तरी आलापाचा धागा, स्वरांची बढत आणि रागाची चौकट यांविषयी वादक कोठेही बेपर्वा नाही. थट्टा म्हणून केलेले हे काम नव्हे.

श्रोत्यांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. डिस्कोच्या चाहत्यास त्यात गाणे सापडेना, रागाच्या चाहत्यास त्यात तबला सापडेना. ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली. पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागो शहरातील ‘फ्यूचर’ या मंडळीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांनीही ‘टीबी ३०३’ हेच टाकाऊ ठरलेले यंत्र घेऊन त्याच्या खुंट्या फिरविल्या, आणि ‘ॲसिड हाऊस’ नावाचा एक नवा नृत्यसंगीत-संप्रदाय जगभर पसरला. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकास दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची ध्वनिमुद्रिका मिळाली. ती ऐकून त्यांस विस्मय वाटला, कारण शिकागोतील नाद पाच वर्षे अगोदर मुंबईत उमटला होता! २०१० साली त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा कित्येकांस ही कोणाची तरी लबाडी असावी असेच वाटले. चरणजित सिंगांना उतारवयात युरोपातील रंगमंचांवर मानाने बोलावणे आले, आणि २०१५ साली ते निवर्तले.

तेव्हापासून ‘ॲसिड हाऊसचा जनक भारतीय’ असे अभिमानाने म्हटले जाते. आम्हांस हा अभिमान जपून वापरावासा वाटतो. शिकागोच्या मंडळींपर्यंत ही ध्वनिमुद्रिका पोचल्याचा कोणताही पुरावा नाही. एकाच यंत्राने दोन दूरच्या गावी दोन निराळ्या हातांतून मिळताजुळता नाद काढला, एवढेच इतिहास सांगतो. आधी असणे म्हणजे जनक असणे नव्हे. शिवाय या कौतुकात एक अन्यायही दडलेला आहे. अगोदरची म्हणूनच ती थोर ठरवायची असेल, तर उद्या कोणी १९८१ सालची दुसरी शोधून काढताच चरणजित सिंग पुन्हा विस्मृतीत जातील काय? त्यांनी शर्यत लावली नव्हती. समोरच्या नव्या यंत्रातून यमन कसा बोलेल, एवढे त्यांना ऐकावयाचे होते.

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच की, एखादी संध्याकाळ काढून त्यांनी यातील यमन व मालकंस ऐकावे, आणि ऐकताना शिकागो व १९८७ हे दोन्ही विसरावे. आवडले नाही तर तसे खुशाल म्हणावे. रागाच्या कसोटीवर नापसंत होणे हाही कलाकृतीचा सन्मानच होय. पासोडीची लांबी मोजून झाली असेल, तर आता ओव्या वाचावयास बसले पाहिजे.