वही भरली की

मराठवाड्यातल्या धर्मापुरी गावात कुणी दोन एकर विकले, तर सातबारावरचे नाव लगेच बदलत नाही. व्यवहार आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. सातबारावर तेवढा त्याचा क्रमांक येतो. हाताने लिहायच्या काळात तोही पेन्सिलीने. नोटिशीचे 15 दिवस सरले, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की मग शाई.

घडले ते आधी वहीत, मग हिशेबात. पेढीवर रोजकीर्द आधी आणि खतावणी नंतर, ती याचसाठी. बँकेचा संगणकही हेच करतो. त्याच्या कीर्दीला ‘लॉग’ म्हणतात. मध्येच वीज गेली तर लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार पुन्हा चढवायचे, अर्धवट राहिलेले पुसायचे.

अडचण सगळीकडे एकच: वही भरते. दुकानदार पानाखाली शिल्लक काढतो, नव्या पानावर ‘मागील पानावरून पुढे’ लिहितो. पेशवाईत कागद रुमालात बांधून दफ्तरात जात. त्या रुमालांतून गो. स. सरदेसाईंनी 1930 ते 1934 मध्ये निवडक कागदांचे 45 खंड काढले. सातबाराचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई: कंस केलेली, म्हणजे रद्द झालेली नावे गळत, चालू तेवढी पुढे येत. फेरफार वही मात्र जपून ठेवलेली.

संगणकात लॉग आधी चुंबकीय फितीवर जाई. रीळ संपले की दुसरे चढवायचे. डिस्क आली तशी जागा ठरावीक झाली आणि तीच फिरून वापरायची वेळ आली. कुठवरचे बदल मुख्य तक्त्यात पोचले याची अधूनमधून खूण करायची, तिच्या मागचा, आता गरज नसलेला लॉग दुसरीकडे उतरवायचा, मग जागा मोकळी. सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेली ‘एरीज’ पद्धत अशा खुणांवर चालते. पण एखादा व्यवहार तासन्‌तास उघडा राहिला, तर त्याच्या सुरुवातीपासूनचा लॉग सोडता येत नाही. जागा संपते आणि नवे व्यवहार अडतात. महसूल खात्याने अशा अडकून राहणाऱ्या नोंदींसाठी वेगळी वहीच काढली: तक्रारीच्या नोंदी नमुना 6-अ मध्ये, म्हणजे एकाच्या भांडणाचा हिशेब बाकीच्या वहीत मिसळत नाही.

जागा करण्याच्या घाईत भलतेच पुसले जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या लॉगच्या फोल्डरच्या नावातच ‘लॉग’ होते. डिस्क भरली की लोक तो बिनकामाचा कचरा समजून उडवत आणि डेटाबेस गमावून बसत. अखेर 2017 च्या दहाव्या आवृत्तीत फोल्डरचे नावच बदलले.

जुनी वही पुन्हा कधी लागेल, सांगता येत नाही. धर्मापुरीचा मराठवाडा 1948 मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला. पुढे खासरा पत्रकाने जमिनीची नवी शिल्लक मांडली, तरी मागची दफ्तरे राहिली. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडी बाडे पुन्हा उघडावी लागली.

आजच्या संगणकी सातबारावरही खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक छापलेला असतो. शंका आली तर कोणती वही उघडायची, तेवढे सांगायला.