गोळीची दोन नावं

आम्ही कोरीटहून बोलतोय, नंदुरबार तालुक्यातून.

आमच्या बचत गटाच्या कर्जवहीत 'कारण' असा एक रकाना आहे. बियाणं, खत, शाळेची फी, शेळी, लग्न, असं त्यात लिहिलेलं असतं. मागे हिशेब लावायला जुन्या वह्या काढून बसलो, तर एक शब्द पानापानावर भेटायला लागला. दवाखाना. बायांना विचारलं, तर बहुतेकींचं म्हणणं एकच, "डॉक्टरची फी एवढी नव्हती ताई, गोळ्यांचेच पैसे जास्त झाले."

आमच्यातली एक मावशी बीपीची आणि साखरेची गोळी एक दिवसाआड घ्यायची. महिन्याची गोळी दोन महिने पुरवते, असं कौतुकाने सांगायची, जसं आपण तेल पुरवून वापरतो तसं. पण तेल कमी पडलं तर भाजी कोरडी होते, एवढंच. बीपीची गोळी आपल्या मनाने कमी केली तर लकवा मारू शकतो. आधी आम्ही तिच्यावर रागावलो. मग तिची चिठ्ठी पाहिली, मेडिकलचं बिल पाहिलं, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना. गोळीचा भाव ठरवतं तरी कोण? तेव्हापासून आम्ही ते शोधत गेलो. आज तीच गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, हातातलं काम चालू ठेवून ऐका.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे औषधांसाठी इंग्रजांच्या वेळचाच, १९११ चा पेटंट कायदा चालू होता. पेटंट म्हणजे काय? समजा, ठेचा पहिल्यांदा एकीने केला. १९११ चा कायदा म्हणायचा, आता ठेचा फक्त तिनेच करायचा. दुसरीने खलबत्त्यात कुटला काय किंवा पाट्यावर वाटला काय, तो गुन्हाच. मग पहिली सांगेल तो भाव. औषधांचं तसंच झालं. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. त्यात असं निघालं, की काही अँटिबायोटिक औषधं भारतात जगातल्या सर्वांत महाग भावांपैकी एका भावाने विकली जात होती. गरीब देश, आणि भाव श्रीमंतांच्याही वर!

सरकार अगदी गप्प बसलं नव्हतं. १९५४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची त्याला मदत होती. बाहेरून येणारं पेनिसिलिन तिथे बनायला लागलं. पण खरा बदल कायद्याने झाला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७० चा नवा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. नवा कायदा म्हणाला, औषधात पेटंट ठेच्यावर नाही, तो करण्याच्या रीतीवर मिळेल. तुमची रीत वेगळी असेल तर तुम्हीही करा. मग मुंबई, हैदराबाद, गुजरात, जिकडे तिकडे औषधांचे कारखाने उभे राहिले आणि भाव उतरले. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. तोवर त्याच औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पडायचे. आफ्रिकेतल्या कितीतरी बायाबापड्यांपर्यंत औषध पोहोचायला तिथून वाट मोकळी झाली.

दुसरी लगाम होती भावाची. १९७९ च्या आदेशात सरकारने ३४७ औषधांचे भाव आपल्या हातात ठेवले होते. १९८७ मध्ये यादी १४२ वर आली, १९९५ मध्ये ७४ वर. यादी आखडली तसे बाकीचे भाव सुटले. २०१३ मध्ये ३४८ आवश्यक औषधं पुन्हा धरली, पण हिशेबाची रीत बदलली. पूर्वी बनवायला खर्च किती येतो ते बघत. आता बाजारात जे भाव चालू आहेत त्यांची सरासरी काढतात आणि त्यात दुकानदाराचा नफा मिळवतात. बाजारच चढा असेल तर सरासरीही चढीच येणार, हे मिरची विकणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको. शिवाय घाऊक महागाईप्रमाणे दरवर्षी वाढ द्यायची मुभा आहे. २०२२ मध्ये ती पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास होती, २०२३ मध्ये बारा टक्क्यांच्या वर. आमच्यातल्या कुणाची मजुरी त्या दोन वर्षांत एवढी वाढली?

पेटंटचा कायदाही २००५ पासून पुन्हा बदलला, जागतिक व्यापार कराराप्रमाणे ठेच्यावरच पेटंट द्यावं लागलं. तरी त्यात एक दार उघडं ठेवलेलं आहे. २०१२ मध्ये मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या एका औषधाला महिन्याला जवळपास २ लाख ८० हजार रुपये लागत होते. सरकारने हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवायचा परवाना दिला, ८,८०० रुपयांना. गोळीतलं औषध तेच.

आता नावांकडे येऊ, कारण मावशीचं कोडं तिथेच सुटलं. बहुतेक गोळ्यांना दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं. दुसरं आतल्या औषधाचं. मेटफॉर्मिन हे साखरेच्या औषधाचं खरं नाव. ते कितीतरी वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या भावांनी विकलं जातं. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ मध्येच सरकारला सांगितलं होतं, की कंपन्यांची नावं हळूहळू काढून टाका, औषध खऱ्या नावाने विका. १९८१ मध्ये पाच औषधांपुरता तसा प्रयत्न झाला. त्यात आपल्या ओळखीची एक होती, रक्तवाढीची लोहाची गोळी. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ते तिथेच अडकलं. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम काढला, डॉक्टरांनी खऱ्या नावानेच औषध लिहावं. महिनाही झाला नाही, तोच नियम स्थगित. ४८ वर्षं झाली, भांडण जिथल्या तिथे.

डॉक्टर लोक म्हणतात, स्वस्त गोळीच्या दर्जाची खात्री काय? प्रश्न खोटा नाही. दर्जा तपासलाच पाहिजे, पण महागड्या नावाचाही तपासला पाहिजे. आपल्याकडची माणसं कामाला गुजरातला जातात, त्याच गुजरातेत वडोदऱ्याला लोकॉस्ट नावाची संस्था १९८३ पासून खऱ्या नावाची स्वस्त औषधं पुरवते आहे. सरकारची जनऔषधी दुकानं २००८ मध्ये सुरू झाली. एक रुपयाचा सुविधा पॅड आपल्यातल्या बऱ्याच जणींनी तिथूनच आणलाय. पण तिथे बीपीची गोळीही मिळते हे आमच्या गटात फार थोड्यांना माहीत होतं. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट आहेत. कागदावर तरी आहेत. "साठा संपलाय, बाहेरून घ्या" हे आम्हीही ऐकलंय, एकदा नाही. आता तसं ऐकलं की आम्ही त्यांना चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगतो, काय संपलंय आणि कधी येणार ते. निम्म्या वेळा मग आतून शोधून आणतात!

मावशीला घेऊन आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. आपल्या मनाने गोळी बदलायची नाही, हे आधीच ठरवलं होतं. मावशीच बोलली, "साहेब, याचं आतलं नाव लिहून द्या." डॉक्टर जरा थबकले, पण लिहून दिलं. त्याच औषधाचं नवं बिल जुन्याच्या निम्म्याच्याही खाली आलं. आता ती गोळी रोज घेते.

येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातली रिकामी पाकिटं आणायची ठरलंय. दहावीतल्या दोन मुली आतल्या औषधाचं नाव वाचणार आणि आम्ही ते भावासकट वहीत लिहून घेणार. मावशीचं पाकीट पहिल्या पानावर चिकटवून झालंय.