१९ जानेवारी : भारतीय क्रिकेट संघासाठी ही तारीख खास का?

भारतीय संघाने ऑस्ट्रेलियाचे दोन बालेकिल्ले याच तारखेला सर केले.

२००८, पर्थ : सलग १६ कसोटी जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाचा विजयरथ अनिल कुंबळेच्या संघाने ७२ धावांनी रोखला. सामनावीर ठरला इरफान पठाण.

२०२१, ब्रिस्बेन : गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही कसोटी हरला नव्हता. भारत त्याच दौऱ्यात ॲडलेडला ३६ धावांत गारद झाला होता. विराट कोहली मायदेशी परतला होता, प्रमुख गोलंदाज जखमी होते. नेतृत्व होतं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या अजिंक्य रहाणेकडे. ३२८ धावांचं लक्ष्य भारताने ३ गडी राखून गाठलं, ऋषभ पंत ८९ धावांवर नाबाद राहिला. मालिकाही २-१ ने खिशात आली. नगरकरांना ही तारीख म्हणूनच जरा जास्त जवळची!