‘बुद्धिमत्ते’चे नामकरण

‘संगणक’ या शब्दाच्या घडणीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘लेखक’, ‘गायक’ यांच्याप्रमाणे तोही कर्तृवाचक आहे : गणना करणारा. ज्या ‘कॉम्प्युटर’चा तो प्रतिशब्द, ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांचेच पदनाम होते. वेधशाळांत, तोफखान्याची कोष्टके तयार करणाऱ्या कार्यालयांत हिशेब करणाऱ्या व्यक्तींना, त्यांतही पुष्कळदा स्त्रियांना, ते लावले जाई. पुढे नाव यंत्राकडे गेले आणि माणसे विस्मरणात गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेची बरीचशी परिभाषा अशाच उसनवारीतून घडली आहे. ती आता किराणा दुकानदाराच्या आणि छापखानेवाल्याच्याही कानांवर रोज पडते. म्हणून तिचा इतिहास पाहणे अगत्याचे वाटते.

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव जॉन मॅकार्थी यांनी रूढ केले. मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांच्यासह त्यांनी रॉकफेलर फाउंडेशनसाठी लिहिलेल्या प्रस्तावावर ३१ ऑगस्ट १९५५ ही तारीख आहे. १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ महाविद्यालयात दहा जणांनी दोन महिने अभ्यास करावा, अशी ती योजना होती. नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’पासून वेगळी चूल मांडणे हाही नामकरणामागील एक हेतू होता. डार्टमथला आलेले ॲलन न्यूएल व हर्बर्ट सायमन मात्र ‘जटिल माहितीप्रक्रिया’ अशा अर्थाचे नाव पसंत करीत. ते टिकले असते, तर आज विक्रेत्यांची वाणी इतकी ओघवती राहिली असती का, याची शंका वाटते.

पुढची नावेही माणसाच्या मनावरून आणि मेंदूवरून आली. आर्थर सॅम्युएल यांनी १९५९मध्ये ‘चेकर्स’ या पटावरील खेळाच्या संदर्भात ‘मशीन लर्निंग’ म्हटले. तेथे ‘शिकणे’ म्हणजे, स्थूलमानाने, अनुभवानुसार काही आकडे बदलत जाणे. फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या ‘पर्सेप्ट्रॉन’ या कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याविषयी १९५८मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिले, ते हे यंत्र पुढे चालेल, बोलेल आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव होईल, या अपेक्षेसह.

साहित्याच्या अभ्यासकाला जोसेफ वायझेनबाउम यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १९६६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादी प्रोग्रॅमला त्यांनी ‘एलायझा’ हे शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील फुलवालीचे नाव दिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे आपण तिला मंजुळा म्हणून ओळखतो. समोरच्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारणे, एवढेच त्या प्रोग्रॅमचे कौशल्य. तरीही त्याच्याशी बोलताना आपल्याला खोलीबाहेर जाण्यास सांगणाऱ्या आपल्याच सचिवाची हकिकत वायझेनबाउम यांनी नोंदवली आहे. प्रोग्रॅम कसा घडत गेला, हे तिने पाहिले होते. तरी भूल पडलीच.

या भुलीवर नेमके बोट ठेवले ड्र्यू मॅकडर्मट यांनी, १९७६मध्ये. प्रोग्रॅमच्या एखाद्या भागाला ‘समज’ असे नाव दिले की त्याला समजते असे वाचकालाच नव्हे, तर कर्त्यालाही वाटू लागते, ही त्यांची तक्रार होती. त्यांचा उपाय असा : त्या भागाला ‘जी००३४’सारखे निरर्थक नाव द्यावे आणि मग त्याला समजते हे पटवून देता येते का, ते पाहावे.

‘हॅलुसिनेशन’ या शब्दाला हीच कसोटी लावावी. २०००च्या सुमारास चित्रप्रक्रियेत तो अस्पष्ट चेहऱ्यात तपशील भरण्याच्या क्रियेसाठी, दोष म्हणून नव्हे, वापरला गेला. आता भाषिक प्रारूपांच्या खोट्या विधानांना तो लावतात. पण प्रारूप पुढील शब्दांशाची संभाव्यता काढते. खरे आणि खोटे वाक्य एकाच प्रक्रियेतून निघते. ‘भ्रम’ म्हटले की एरवी ते शुद्धीवर असते असे गृहीत धरले जाते.

हा केवळ शब्दच्छल नाही. कॅनडातील एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतंत्र असून आपल्या उत्तरांस तोच जबाबदार आहे, अशा आशयाचा कंपनीचा बचाव फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश कोलंबियातील लवादाने फेटाळला आणि भरपाई देण्यास सांगितले. कर्तृवाचक नावामागे दडलेला खरा कर्ता तेथे उघड झाला.

छोट्या व्यावसायिकाला सारी परिभाषा पाठ करण्याची गरज नाही. ‘शिकते’, ‘समजते’, ‘ठरवते’ ही क्रियापदे ऐकताच त्याने विचारावे : कशाची गणना होते, कोणत्या माहितीवरून, आणि चुकल्यास उत्तर कोण देणार? क्रियापदाचा कर्ता शोधणे हे तर व्याकरणाचे पहिलेच काम.