मागचे दोन पाय

चार पाय असून जे चालत नाही ते टेबल, आणि दोन पाय असून जो जागचा हलत नाही तो रविवारचा नवरा, एवढं फर्निचरशास्त्र संसाराला पुरतं अशी माझी समजूत होती. पण जगात दोनच पायांचं टेबलही असतं. ते पाठीनं भिंतीला टेकतं आणि पुढच्या दोन पायांवर ऐटीत उभं राहतं. त्याला म्हणतात कन्सोल टेबल. त्यावर जेवता येत नाही, लिहिता येत नाही, आणि त्याच्या खाली पाय पसरून बसणं तर दूरच. तरीही ते जुनं असलं, की त्याची किंमत ऐकून माणूस आपोआप खाली बसतो.

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलं, की कोरेगाव भीमा येतं, आणि तिथून आत वळलं की वढू बुद्रुक. तिथं आमच्या एका चुलतभावानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. जुन्या घराच्या भिंती हातभर जाड, आणि दर भिंतीला कोनाडे. नव्या घराच्या भिंती वीतभर. तिथं कोनाडा खणायला गेलं तर हात शेजारच्या खोलीत निघायचा. दारातून आत आल्यावर भिंत अगदी ओकीबोकी दिसते, म्हणून सूनबाईंनी मुंबईहून एक जुनं कन्सोल टेबल आणलं. आमची आत्या, वय वर्षे शहाऐंशी, त्याला बघायला निघाली. टेबल भिंतीला चिकटलेलं असल्यामुळे तिची प्रदक्षिणा अर्धीच झाली.

"अगं, ह्याचं मागचं दोन पाय कुठं गेलं?"

"आजी, ते असंच असतं. अँटिक आहे ते."

"मग पैसं तरी निम्मंच दिलंस न्हवं?"

या प्रश्नाचं उत्तर सूनबाईंनी अजून दिलेलं नाही.

अँटिक कशाला म्हणावं, याचाही आपल्याकडे कायदा आहे. पुरावशेषांविषयीचा १९७२ चा हा कायदा साधारणपणे शंभर वर्षांची अट घालतो. हस्तलिखितांना मात्र पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ज्या जुन्या मालानं शंभरी गाठलेली नाही, त्याला बाजारात 'व्हिंटेज' म्हणतात. म्हणजे आत्या अजून व्हिंटेजच. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मला परदेशी न्यायला हरकत न्हाई म्हण की!"

'कन्सोल' हा शब्द मूळचा फ्रेंच गवंडीकामातला. भिंतीतून पुढं आलेला, वरचं ओझं पेलणारा कोरीव आधार म्हणजे कन्सोल. अशा आधारांवर फळी टाकली आणि त्यांना जमिनीपर्यंत उतरवलं, की झालं टेबल. त्याची लाडकी जागा दोन खिडक्यांच्या मधली. वर उंच आरसा, टेबलावर मेणबत्त्या. आरशामुळे एका मेणबत्तीच्या दोन व्हायच्या. म्हणजे हे टेबल कसलं, विजेच्या आधीचं दिवाबत्ती खातंच ते! मागची बाजू कुणाला दिसायची नाही, म्हणून तिथं ना नक्षी, ना पॉलिश. जुनं कन्सोल पारखायचं असेल तर आधी ते भिंतीपासून ओढावं आणि त्याची पाठ बघावी. पुढून सगळेच देखणे असतात. हे माणसांनाही लागू आहे.

आपल्याकडे टेबल का नव्हतं? कारण आपण जमिनीवर बसत होतो. १७९० साली पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशव्यांशी इंग्रज वकील मॅलेटनं तह केला. त्या प्रसंगाचं थॉमस डॅनियलनं १८०५ साली पुरं केलेलं मोठं तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात सगळा दरबार बैठकीवर बसलेला दिसतो, आणि साहेबमंडळीसुद्धा पाय दुमडून खाली. आणि कन्सोलचं जे काम, ते आपल्याकडे कोनाडा करायचा. दिवा वाऱ्यापासून जपायचा, किल्ली सांभाळायची, करंडा ठेवून घ्यायचा. फरक एवढाच, की फ्रेंचांच्या दिव्यामागं आरसा होता आणि आपल्या दिव्यामागं काजळी.

टेबल आलं ते साहेबाबरोबर. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचं कोरीव फर्निचर होऊ लागलं. साहेब त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणे. घाट विलायती, कारागीर इथले आणि विकणारे बरेचसे पारशी. नक्षीत पानं, फुलं आणि वेली इतक्या दाट, की फडक्यानं धूळ पुसण्यापेक्षा खुरपणीच करावी. जुन्या बंगल्यांतला असा माल पुढं फिरत फिरत चोर बाजारात मटण स्ट्रीटला येतो. मी घरी पत्ता सांगताना नुसतं 'भेंडीबाजाराजवळ' म्हणतो. निदान भाजीचं नाव निघतं.

पण गंमत अशी, की महिन्याभरानं वढूला गेलो तर त्या टेबलावर मोटारसायकलची किल्ली, विजेचं बिल, आत्याचा चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. म्हणजे कोनाडाच परत आला होता. दुसऱ्याच्या आजोबांचं टेबल विकत आणायचं आणि आपल्या आजीचा कोनाडा गवंड्याकडून पाडून घ्यायचा, ही आपली सध्याची रीत. पुण्यात दिनकर केळकरांनी हे फार आधी ओळखलं. घराण्याचं दुकान चष्म्यांचं, त्यामुळे नजरही साफ असावी. सुमारे १९२० पासून त्यांनी लोकांच्या घरचे दिवे, अडकित्ते, कोरीव दारं गोळा केली, आणि त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. परदेशी पाहुणे तिथं येऊन बघतात ते आपण माळ्यावरून काढून भंगारात घातलेलंच असतं.

किमती वस्तू आपोआप टिकतात, असंही नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं व्हर्साय इथं ३५७ आरशांचा महाल बांधला, आणि त्यात चांदीची टेबलं, चांदीची बाकं, चांदीच्या दिवट्या मांडल्या. १६८९ च्या डिसेंबरात लढाईला पैसा कमी पडला, तेव्हा त्यानं सुमारे २० टन चांदीचं सामान वितळवायला काढलं. कोरीव कामाची मजुरी विस्तवात गेली. हाती आलेला पैसा अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाला. पुढं त्या जागी सोन्याचा मुलामा दिलेलं लाकूड आलं.

१६८९ हे साल वढूला कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच साली ११ मार्चला औरंगजेबानं छत्रपती संभाजीमहाराजांना हालहाल करून मारलं. त्यांची समाधी वढूला आहे, आणि फाल्गुन वद्य अमावास्येला तिथं आजही माणसांची रीघ लागते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहूराजे कैदेत गेले. ज्या गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, तिथलं सभासदाच्या बखरीतलं बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आज कुठंही बघायला मिळत नाही. एका वर्षात इकडचं सोनं गेलं, तिकडची चांदी गेली. वढूचं ठिकाण राहिलं, कारण लोकांनी ते विसरायचं नाकारलं.

आत्याच्या त्या प्रश्नाचा मला कधी कधी वेगळाच अर्थ लागतो. १६८९ साली मराठी राज्याचेही मागचे दोन पाय गेले होते: राजा आणि राजधानी. चांगल्या सुतारानंही 'आता मोडीत काढा' म्हटलं असतं. पण ते राज्य औरंगजेब १७०७ साली मरेपर्यंत उभं राहिलं, आणि पुढंही. राजाराम जिंजीला, खजिना रिकामा, गड एकेक करून पडताहेत. आणि टेकायला फक्त हा मुलूख आणि त्यातली माणसं.

म्हणून हल्ली दोन पायांचं टेबल दिसलं, की मी त्याची नक्षी मागाहून बघतो. आधी भिंत बघतो.