अभिजनांचे औद्धत्य आणि शहरातील सार्वजनिक जागा : वसाहतकालीन मुंबईतील मैदान, जिमखाना व क्लब यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : मुंबई, मलबार हिल, एस्प्लनेड मैदान, जिमखाना, क्लब, विशेषाधिकार, सार्वजनिक वर्तन

प्रस्तावना

श्रीमंत वस्तीतील माणसे उर्मट असतात, ही तक्रार मुंबईसारख्या शहरात नवीन नाही. या उर्मटपणाचा विचार सामान्यतः स्वभावदोष, संस्कारांचा अभाव किंवा नव्या पैशाचा माज अशा अंगाने केला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. कारण ज्या घरात पाहुण्याचे आगतस्वागत अत्यंत अदबीने होते, त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईला एकेरीत हाक मारली जाते. शिष्टाचार ठाऊक आहेत, पण ते कोणासाठी पाळावयाचे याची वाटणी आधीच झालेली आहे. ही वाटणी माणसाच्या मनात जशी असते तशीच ती भाडेपट्ट्यात, क्लबच्या नियमावलीत आणि इमारतीच्या जिन्यातही असते. मनातील गोष्टींचा पुरावा इतिहासाला क्वचितच मिळतो. जिन्याचा आणि नियमावलीचा मात्र मिळतो. प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या मुंबईतील काही निवडक प्रसंगांच्या आधारे या वाटणीचा मागोवा घेतला आहे.

टेकडीवरची वस्ती

मलबार हिल ही मूळची साहेबांची टेकडी नव्हे. वाळकेश्वराचे देवालय व बाणगंगेचे तळे यांमुळे हे स्थान इंग्रजांच्या आगमनापूर्वीच तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध होते. पोर्तुगीज काळानंतर देवालयाची पुन्हा उभारणी १७१५ मध्ये रामा कामत यांनी केली. पारशी समाजाची डुंगरवाडीही सतराव्या शतकापासून येथेच आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९-१८२७) यांनी मलबार पॉइंट येथे बंगला बांधला आणि टेकडीला प्रतिष्ठा लाभू लागली. पुढे १८८२ मध्ये परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांचे निवासस्थान परळहून कायमचे मलबार पॉइंटला आले. परळचे भवितव्य गिरण्यांच्या धुराकडे आणि टेकडीचे भवितव्य समुद्राच्या वाऱ्याकडे गेले, असे म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय अधिकाऱ्यांच्या शेजारी पारशी, भाटिया व गुजराती व्यापाऱ्यांचे बंगले उठू लागले. नगरपालिकेच्या कारभारात या वर्गाचा शब्द चाले, कारण १८७२ च्या कायद्याने मिळालेला मताधिकार कर भरणाऱ्यांपुरताच होता. दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळण्यासाठी १९२२ साल उजाडावे लागले.

या घरांमध्ये राबणारा नोकरवर्ग बहुतांशी कोकणातून व घाटावरून आलेला होता. मुंबईत घरगड्याला 'रामा' म्हणत. त्याचे नाव गणपत असो, सखाराम असो वा धोंडू, शेठजींच्या घरी तो रामाच. 'घाटी' हा मूळचा केवळ प्रदेशवाचक शब्दही याच शहरात हिणवण्याचा शब्द झाला. नाव विचारण्याची गरज न वाटणे हा उद्धटपणाचा सर्वांत शांत प्रकार होय. त्यात आवाज चढत नाही, शिवी दिली जात नाही, आणि म्हणूनच त्याची तक्रारही कोठे नोंदली जात नाही. जुन्या इमारतींच्या मागील बाजूस संडासांपर्यंत जाणारा लोखंडी नागमोडी जिना आजही काही ठिकाणी पाहावयास मिळतो. मैला वाहणाऱ्या माणसाने घरात पाऊल न ठेवता आपले काम करून निघून जावे, एवढ्यासाठी तो बांधलेला असे. येथे शिष्टाचाराची वाटणी लोखंडात ओतलेली आहे.

घरातील या वर्तनाला घराच्या भिंतींची मर्यादा तरी होती. मैदान हे सर्वांचे. तेथे काय घडले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

पोलोचे घोडे आणि क्रिकेटची खेळपट्टी

किल्ल्याच्या तटासमोरील एस्प्लनेडची जागा मूळ तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडण्यात आले आणि मैदानाचा लष्करी उपयोग मागे पडत गेला. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. १८६६ मध्ये हिंदूंचा बॉम्बे युनियन हा क्लब निघाला. या क्लबांना स्वतःची जागा नव्हती. मैदानावर दांड्या रोवाव्यात आणि खेळावे, असा प्रकार होता.

१८७५ मध्ये युरोपीयांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. त्याला मैदानाच्या एका टोकाशी स्वतःची राखीव जागा मिळाली व तेथे हिरवळ जोपासली गेली. जिमखान्याच्या सभासदांना पोलोचीही आवड होती. परंतु घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडते, हे ठाऊक असल्यामुळे आपल्या राखीव मैदानावर ते पोलो खेळत नसत. आठवड्यातून दोन दिवस ते एतद्देशीय मुले ज्या भागात क्रिकेट खेळत तेथे पोलो खेळत. दुसऱ्या दिवशी मुलांच्या वाट्याला टापांनी खड्डे पडलेली खेळपट्टी येई. अशा खेळपट्टीवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसतो, आणि क्रिकेटचा चेंडू कठीण असतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. खड्ड्यांचे नुकसान जिमखान्याच्या सभासदांना कळत होते. आपल्या हिरवळीला त्यांनी जपले यातच त्याची कबुली आहे. तेव्हा येथे अज्ञानाचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्याची जागा ही जागाच नव्हे, अशी ती धारणा होती.

१८८१ मध्ये पारशी, हिंदू व मुसलमान क्रिकेटपटूंनी मिळून शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नरांकडे केला. या चळवळीत शापूरजी सोराबजी यांचा पुढाकार होता. त्यांनी पुढे १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा व या झगड्याचा वृत्तान्त इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रामचंद्र गुहा यांनी २००२ मधील आपल्या क्रिकेटविषयक ग्रंथात या वादाला योग्य ते महत्त्व दिले आहे. अर्जदारांची मागणी माफक होती. युरोपीयांच्या राखीव जागेवर त्यांनी हक्क सांगितला नाही. घोडे दुसरीकडे न्यावेत एवढेच त्यांचे म्हणणे होते. पोलो खेळणारे मूठभर आणि क्रिकेट खेळणारे शेकडो, हा मुद्दाही त्यांनी मांडला. १८८२ मध्ये सरकारने पोलो कूपरेजच्या मैदानावर हलविण्याचा निर्णय दिला. मात्र नवी जागा सोयीची नाही, अशी जिमखान्याची तक्रार झाली आणि पुढच्याच वर्षी पोलो पुन्हा जुन्या जागी आला.

हे वर्ष १८८३ चे होय. त्याच वर्षी इल्बर्ट विधेयकावरून देशभरातील युरोपीय समाज खवळून उठला होता. मुफस्सल भागात हिंदी न्यायाधीशाला युरोपीय आरोपीचा खटला चालविण्याचा अधिकार मिळावा, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटत होती. मुंबईत मात्र फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांनी एप्रिल १८८३ मध्ये टाऊन हॉलमधील सभेत विधेयकाचा पुरस्कार केला. अखेर १८८४ मध्ये युरोपीय आरोपीला निम्मे युरोपीय ज्यूरी मागण्याची मुभा देऊन विधेयकाची धार बोथट करण्यात आली. मैदानाचा वाद आणि विधेयकाचा वाद यांचा थेट संबंध सांगणारा पुरावा पुढे ठेवता येत नाही. तरीही दोहोंतील युक्तिवादाची जातकुळी एकच आहे. दिलेली सवलत काही काळाने हक्क होते, आणि तिचा थोडासा संकोच हाच अन्याय म्हणून मांडला जातो.

वेगळ्या जागेचा तोडगा

सरकारने या वादातून काढलेली वाट विचार करण्याजोगी आहे. घोडे आवरण्याऐवजी तक्रारदारांना दुसरीकडे जागा देण्यात आली. केनेडी सी फेस येथे, समुद्रालगतच्या जमिनीवर, प्रथम पारशी जिमखान्याला मैदान मिळाले. १८९० च्या दशकात हिंदू व मुसलमान समाजांचे जिमखानेही तेथे शेजारी शेजारी उभे राहिले. १८८१ च्या अर्जावर तिन्ही समाजांच्या सह्या एकत्र होत्या. दहा-पंधरा वर्षांत त्यांची तीन कुंपणे झाली. यामागे फोडा आणि झोडा या नीतीचा हिशेब होता की केवळ प्रशासकीय सोय, याविषयी मतभेद संभवतात. परिणाम मात्र उघड आहे. सामाईक मैदानावरील समान हक्काचा प्रश्न अनिर्णित राहिला आणि प्रत्येकाला आपापले दार मिळाले.

दार मिळाले की ते कोणासाठी बंद करावयाचे हा प्रश्न ओघानेच येतो. पाळवणकर बाळू यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. चर्मकार समाजातील या गोलंदाजाने पुण्याच्या युरोपीय क्लबमध्ये मैदानावर काम करीत असताना साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकून आपली कला घडविली. युरोपीयांना हरवावयाचे तर बाळूंना संघात घेणे भाग आहे, हे पुण्याच्या हिंदू क्लबने ओळखले व त्यांना घेतले. मैदानावर सर्व खेळाडू तोच चेंडू हाताळीत. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे मुंबईच्या हिंदू संघाने १९०६ मध्ये युरोपीयांचा पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. तरीही कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही १९२३ मध्ये आणि पुष्कळ वादानंतर. युरोपीयांच्या औद्धत्याविरुद्ध जो वर्ग न्याय मागत होता, त्याच वर्गाच्या पॅव्हेलियनबाहेर ते मातीचे भांडे होते. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात ही बाजू फारशी ठळकपणे येत नाही.

क्लबचे दार

भायखळा क्लब (१८३३) आणि यॉट क्लब (१८४६) येथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हते. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन (१९१३-१९१८) यांना आपल्या हिंदी पाहुण्यांना यॉट क्लबमध्ये नेता आले नाही व त्यातूनच विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब निघाला, असे सांगितले जाते. कथेतील तपशील कसाही असो, युरोपीय व हिंदी या दोहोंना प्रवेश देणारा हा क्लब त्यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस उभा राहिला, हे खरे. अर्थात सर्वसामान्य मुंबईकराचे विलिंग्डन यांच्याविषयीचे मत निराळे होते. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांच्या गौरवार्थ टाऊन हॉलमध्ये भरलेली सभा बॅरिस्टर जिना यांच्या पुढाकाराने उधळण्यात आली. वंशाचा अडसर दूर झालेल्या या क्लबात प्रवेशासाठी संस्थानिक, गिरणीमालक वा बॅरिस्टर असणे पुरेसे होते, आणि बहुधा आवश्यकही.

स्वातंत्र्यानंतर दारे एकदम उघडली असे झाले नाही. ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव १९४७ नंतरही कित्येक वर्षे युरोपीयांसाठीच राखीव राहिला. इतरत्र सभासद बदलले, परंतु नियमावलीची भाषा फारशी बदलली नाही. हिंदी माणसाला आत घेण्यासाठी निघालेल्या त्याच विलिंग्डन क्लबने १९८० च्या दशकाच्या अखेरीस चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना, ते अनवाणी असल्याच्या कारणावरून, प्रवेश नाकारला. त्याची वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली. हुसेन प्रसिद्ध होते म्हणून ती झाली. याच शहरातील अनेक उंच इमारतींमध्ये घरकामगारांनी व डबे, टपाल पोहोचविणाऱ्यांनी कोणत्या लिफ्टने जावे याविषयी सूचना लावलेल्या असत व आजही असतात; त्यांची चर्चा क्वचितच होते. मागचा लोखंडी जिना गेला, त्याच्या जागी मागची लिफ्ट आली. महाराष्ट्र विधिमंडळाने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, ही महत्त्वाची घटना होय; परंतु कल्याण मंडळ आणि लिफ्ट हे दोन निरनिराळे विषय आहेत.

एस्प्लनेडच्या त्या भागाला आता आझाद मैदान म्हणतात. त्याच्या टोकाशी बॉम्बे जिमखाना आजही उभा आहे. भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच जिमखान्याच्या हिरवळीवर झाला व त्यात लाला अमरनाथ यांनी शतक काढले. कुंपणापलीकडे आजही एकाच वेळी अनेक सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, आणि चेंडू चुकून भलत्याच सामन्यात गेला तर तेथला खेळाडू तो उचलून परत फेकतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, ती कुंपणाच्या या बाजूला.