‘गॉरम’ : आयरिश भाषेतील एका वर्णवाचक विशेषणाचा अर्थेतिहास

आयरिश भाषेतील ‘गॉरम’ या विशेषणाचा अर्थ शब्दकोशात प्रथम ‘निळा’ असा आढळतो. मात्र तेवढ्यावर विसंबून जुने ग्रंथ वाचणाऱ्याची फसगत होते. मध्ययुगीन आयरिशमध्ये हा शब्द गडद, काळसर छटेसाठी येतो, तसाच ‘तेजस्वी, कीर्तिमान’ या अर्थानेही येतो. इ. स. १०३० मध्ये निधन पावलेल्या राणी गॉर्मलाच्या नावातील पूर्वपद हेच. दाट, रसरशीत गवतालाही आयरिश माणूस ‘गॉरम’ म्हणतो. वेल्श भाषेतील सजातीय शब्द ‘गुर्म’ याचा अर्थ काळपट असाच आहे. यावरून गडदपणा हा मूळ अर्थ असावा आणि निळेपणा त्यातून पुढे आला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

या अर्थभेदाचे महत्त्व एका नोंदीत दिसते. ‘फ्रॅग्मेंटरी ॲनल्स’ या आयरिश इतिवृत्तात नवव्या शतकातील व्हायकिंगांनी स्पेन व मॉरेतानिया येथे केलेल्या स्वारीचा वृत्तांत आहे. तेथून आणलेले बंदी दीर्घकाळ आयर्लंडमध्ये राहिले. त्यांना इतिवृत्तकार ‘फिर गॉरमा’ म्हणतो आणि ‘मौरी म्हणजेच कृष्णवर्णीय’ असा खुलासाही लगेच देतो. तरीही जॉन ओ’डोनोव्हन यांच्या १८६० च्या इंग्रजी भाषांतरात ते ‘निळे पुरुष’ झाले. हे इतिवृत्त सतराव्या शतकातील प्रतीवरून ज्ञात आहे. त्याच्या तपशिलावर किती भिस्त ठेवावी हा प्रश्न वेगळा. पण गुलाम करून आणलेल्या माणसांचा हा दुर्मीळ उल्लेख अद्भुतकथा म्हणून वाचला जाऊ नये.

‘काळा’ या अर्थाचा ‘दुव’ हा शब्द उपलब्ध असताना तो का वापरला गेला नाही? आधुनिक आयरिशमध्ये माणसाच्या नावापुढील ‘दुव’ केसांचा रंग सांगतो. शिवाय ‘फ्यार दुव’ म्हणजे सैतान.

व्याकरणदृष्ट्या हे विशेषण नामानंतर येते व त्याच्याशी अन्वय साधते. ‘फ्यार गॉरम’ (पुरुष) यात ‘ग’ स्पष्ट राहतो, तर स्त्रीलिंगी ‘ब्यान’नंतर तो घर्षक होऊन ‘ग़ॉरम’ होतो. आधुनिक अनेकवचनातही ‘फिर ग़ॉरमा’, परंतु ‘दीने गॉरमा’ (लोक), कारण हा बदल मृदू व्यंजनान्त अनेकवचनानंतरच होतो. प्राचीन लेखनात ‘ग’चे हे शिथिलीकरण सहसा दाखवले जात नसे.

आज ‘दिने गॉरम’ या रूढ प्रयोगाशेजारी ‘दिने दे ग़ा’ (‘रंगाची व्यक्ती’) हा नवा शब्दसमूहही वापरात आहे. त्यात नाम आल्याने लिंगवचनानुसार काहीच बदलत नाही.